हळदीकुंकवाचं आमंत्रण

आई, मुलुंडच्या घरी स्वयंपाकघरात वाल सोलत बसले आहे आणि तुझ्याशी भांडावंसं वाटतंय. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी भांडायला मला दुसरं माणूस नाही. मी जज्ज झाल्यावर मैत्रिणी जपून बोलायला लागल्या, नवरा गेल्यावर नातेवाईकही पांगले. तू स्वतः जज्ज होतीस, तुला हे एकटेपण ठाऊक होतं. मला मात्र एका शब्दानं सांगितलं नाहीस.

तुझा नियम आठवतो. संक्रांतीला पुढाऱ्याच्या घरचं हळदीकुंकू असलं तरी तू जायचीस, कपाळ पुढे करायचीस आणि वाण नाकारायचीस. एकदा तुझ्यामागे उभं राहून मी प्लॅस्टिकचा डबा घेतला आणि फ्रॉकखाली लपवून आणला. तू अशीच वाल सोलतेस, मान वर करत नाहीस. "परत देऊन ये. आणि आईनं सांगितलं म्हणू नकोस, मला नको म्हण." मी रडत जिना उतरते. त्या बाई हसून माझा गालगुच्चा घेतात, त्याचाही राग येतो. तुझ्यावरचा राग तर आठवडाभर टिकला.

यंदा संक्रांतीला शेजारच्या बिल्डिंगमधल्या नगरसेवकाची बायको दारात आली. "मॅडम, संध्याकाळी हळदीकुंकवाला या ना." मी म्हटलं, "अगं, मला कशी बोलावतेस? माझा नवरा गेलाय." तर म्हणाली, "ते जुनं झालं हो. मी सगळ्यांना बोलावते. नाही आलात तर वाट बघत बसेन हां." तो गेल्यापासून मला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं. मी कपाटातली चांगली साडी काढली. तिनं कुंकू लावलं, हातात स्टीलची वाटी ठेवली. तुझा नियम आठवला नाही असं कसं म्हणू? आठवला, तरी वाटी घेतली. बायका सरकून मला जागा देत होत्या, एकीनं उखाण्याचाही हट्ट धरला. किती बरं वाटलं म्हणून सांगू.

पुढच्याच महिन्यात त्या नगरसेवकावरची केस माझ्यासमोर आली. संक्रांतीच्या आधी त्यानं माणसं घेऊन जाऊन एका फळवाल्याला मारलं होतं, असा आरोप. मी भर कोर्टात सांगून टाकलं की आरोपीच्या घरी मी हळदीकुंकवाला गेले होते, कुणाची हरकत आहे का. त्याचे वकील हसले. "मॅडम, तिथे तर अख्खं मुलुंड जातं." सरकारी वकीलबाईही हरकत नाही म्हणाल्या. मग मागच्या बाकावरून फळवाला उठला, हात अजून गळ्यात बांधलेला. "मॅडम, तुम्ही त्यांच्याकडे जाता?" आवाज चढवला नाही त्यानं, नुसतं विचारलं. केस दुसऱ्या कोर्टाकडे द्यावी, असं मी त्याच दिवशी वर लिहून पाठवलं.

तुला बरोबर वाटलं असतं. मलाही वाटलं, चहाच्या वेळी वकीलबाई आत येईपर्यंत. "मॅडम, नगरसेवकाला हेच हवं होतं. तुमच्यापुढे त्याचं काही चाललं नसतं." आता तिकडे तारखांवर तारखा पडताहेत आणि फळवाला धंदा बुडवून खेटे घालतोय. पुढाऱ्याचा फोन आला तर काय करायचं हे तू शिकवलं होतंस. इथे फोन आलाच नाही, एक बाई गोड बोलून गेली. ते बोलावणं तिच्या नवऱ्यानं शिकवलेलं होतं की तिच्या मनातलं, हे मला कधीच कळणार नाही. परवा ती गेटपाशी दिसली. हसली. मी मान फिरवली आणि घरी येऊन रडले.

हे पाठवायला तुझा पत्ता नाही ते बरंच आहे. तू पहिल्यांदा पुरावाच मागितला असतास, आणि माझ्याकडे तो नाही. तरी तिनं मला मनापासून बोलावलं होतं, असंच मी धरून चालले आहे.