चेअरमनचा पूर्ण विश्वास

हॉथर्नली, लँकशायर
एप्रिल १९६१

प्रिय सेप्टिमस यास क्लेमचा, मधे बरेच हिवाळे गेल्यावरचा, नमस्कार.

आज सकाळी चहा ओतताना कानात एकदम तो आवाज घुमला: सिमेंटच्या बोळातून मैदानाकडे निघालेल्या आपल्या बुटांच्या खिळ्यांचा खडखडाट. तू उजवीकडे, मी डावीकडे, आणि पुढे धुक्यात ओरडणारं अख्खं गाव. (अ‍ॅग्नेस म्हणाली, "कप भरून केव्हाच झालाय, आता टेबलक्लॉथ भरतोयस.") असो. तुझा डावा गुडघा काय म्हणतो? मेबलवहिनींचा खोकला?

खेळत होतो तोवर किती सुखात होतो, हे मॅनेजर झाल्यावर कळलं. खेळाडूला एक चेंडू सांभाळायचा असतो. मॅनेजरला अकरा जणांचे रुसवे, वर चेअरमन. त्यात माझा स्वभाव हा असा. ती शेवटची मॅच तुला आठवत असेलच, खेळाडूंची दुखापत बघायला बादली-स्पंज घेऊन तू शेजारीच होतास. मध्यंतराला आपण दोन गोलांनी पुढे. पोरांना स्फुरण चढावं म्हणून मी शाळेत पाठ केलेली ती बुडत्या जहाजाच्या कप्तानाची कविता म्हटली. (सगळी कडवी.) आपला गोलकीपर ऑस्बर्ट जो रडू लागला, तो उत्तरार्धात डोळे पुसत चार गोल खाऊन बसला. आपले चेअरमन एन्टव्हिसलसाहेब सॉसेजच्या कारखान्याचे मालक, त्यांना काव्य काय कळणार? पण बोलले ते खरंच बोलले: "अरे क्लेम, बुडायचंच होतं, तर ते कवितेशिवायही जमलं असतं की!"

आणि सोमवारी पेपरात छापून आलं: मॅनेजरवर चेअरमनचा पूर्ण विश्वास आहे. आपल्या धंद्यात हे वाक्य वाचलं की बायका माळ्यावरून ट्रंका काढतात. अ‍ॅग्नेसनेही काढली. मी मात्र भारावून गेलो आणि क्लबने राहायला दिलेल्या घरापुढे गुलाब लावले. शुक्रवारी नोकरी गेली, नोकरीबरोबर घर गेलं, आणि गुलाबांना पहिला बहर आला तो नव्या मॅनेजरच्या, म्हणजे तुझ्या, खिडकीखाली. तेव्हापासून आपण एकमेकांना पाहिलं की रस्ता बदलतो. मला राग नाही रे. फक्त शनिवारी दुपारी स्टेडियमचा गलका इथवर येतो, तेव्हा शेजारची खुर्ची फार रिकामी दिसते.

अ‍ॅग्नेसचा नमस्कार. सहज आठवण झाली म्हणून लिहिलं, बाकी काही नाही.

तुझा,
क्लेम

ता. क. सहज वगैरे काही नाही. आजचा पेपर वाचलास ना? चेअरमनचा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे. माझ्यासारखा खुळेपणा करू नकोस, ट्रंक काढ. आमची पुढची खोली झाडून ठेवली आहे; दोघं सरळ इकडे या.

ता. क. २. हे पाकिटात घालतच होतो, तेवढ्यात दार वाजलं. मला वाटलं, तूच. एन्टव्हिसलसाहेब उभे आहेत, टोपी हातात, काखेत सॉसेजचं पुडकं. केव्हाचे पाय पुसतायत. इतके पाय पुसणारा माणूस काहीतरी मागायलाच आलेला असतो. अ‍ॅग्नेसने गुपचूप चांगले कप काढलेत. सेप, त्या शुक्रवारी, मला काढल्यावर, तुझ्या दारातही हे असेच उभे होते ना रे? आणि मेबलवहिनींनीही कप काढले असतील.