अकोल्यावरून जाणारी गाडी

धुळे,
२२ डिसेंबर १९९१

प्रिय विशाखा,

सप्रेम जयभीम. पाकिटावरचं अक्षर ओळखून दचकू नकोस. आम्ही दोघं धडधाकट आहोत, वाईट बातमी नाही. तुझ्या दुसऱ्या लग्नानंतर या घरातून तुला आलेलं हे पहिलंच पत्र, म्हणून आधी तेवढं लिहून टाकलं. सासू म्हणून लिहावं की आणखी कुणी म्हणून, या विचारात सकाळपासून दोन कागद फाडले. शेवटी म्हटलं, नागसेन होता तेव्हा तू मला आई म्हणायचीस. तो गेला म्हणून मी काही त्या कामाचा राजीनामा दिलेला नाही. हे पत्र जावईबापूंना खुशाल वाचून दाखव, यात लपवण्यासारखं काही नाही.

मुलगी झाल्याचं झुंबरबाईकडून कळलं. तिची बहीण तुमच्याच भागात राहते, त्यामुळे तुझी खुशाली उडत उडत का होईना, आमच्या ओट्यापर्यंत येते. तुझं बाळंतपण नीट झालं, पोरगी काळीसावळी आणि केसाळ आहे, एवढं सगळं तिने आबांच्या समोरच सांगितलं. आबा पेपर वाचत होते, त्यांनी मान वर केली नाही. संध्याकाळी मात्र पावशेर जिलबी घेऊन आले. कशाची म्हणून विचारलं, तर म्हणाले, गरम दिसली म्हणून घेतली. तुला ठाऊकच आहे, या माणसाला जिलबी मुळीच आवडत नाही.

तुझ्याबद्दल ते बोलत नाहीत, याचा राग मानू नकोस. तुझं दुसरं लग्न त्यांनीच जमवलं, पांढऱ्या साडीत तू त्रिशरण म्हणत होतीस तेव्हा तुझ्या मागे बाप म्हणून तेच उभे होते. आणि तुझं लग्न लावून परतल्यावर मला म्हणाले, आता तिला पत्र नाही, बोलावणं नाही. पोरीच्या नव्या संसारावर आपल्या दुःखाची सावली नको. मी ऐकलं. पटलं होतं असं नाही, पण ऐकलं. सणासुदीला तुझी आठवण काढायची ती मोरीत भांडी घासताना, म्हणजे नळाच्या आवाजात डोळे पुसता येतात.

आता मुद्द्याचं सांगते. आम्ही यात्रेला निघालोय. बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर. हसलीस ना? या यात्रेवरून आमच्या घरात किती भांडणं झाली, ती तू डोळ्यांनी पाहिली आहेस. आपल्या वस्तीतले जीवरामभाऊ दर हिवाळ्यात बस नेतात, सोबत आचारी, भांडी, शेगड्या, सगळं गाडीच्या टपावर बांधून. निम्मी वस्ती जाऊन आली. द्रौपदाबाईचीच तेवढी राहिली, असं बायका मला चिडवतात. मी म्हणायची, जीवरामच्या बसने जाऊ. जेवणाची ददात नाही, मुक्कामाची काळजी नाही, सोबतीला आपली माणसं. आबा म्हणायचे, आपलं आपण जाऊ, रेल्वेने. सारा जन्म एस.टी.ची कंडक्टरकी केलेला माणूस तो. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "जनमभर लोकेसना तिकिटं मी फाड्यात, आते मना तिकीट जीवराम फाडी का?" यावर तू आणि नागसेन पोट धरून हसायचात.

आणि नागसेनने तर त्यांच्या बाजूने निकालच देऊन टाकला होता. टेलिफोन खात्यात कायम झाल्यावर पहिली एल.टी.सी.ची प्रवाससवलत घ्यायची ती बुद्धगयेसाठी, आपण चौघं जायचं, रिझर्व्हेशन तो करणार, आबांनी फक्त खिडकीपाशी बसायचं. त्या रात्री आबा गल्लीत ज्याला त्याला सांगत सुटले होते, "मना पोऱ्या माले लई जाई." आयुष्यभर हा माणूस गाडीत उभा राहिला. पोरगा आपल्याला बसवून नेणार, याचंच त्यांना कोण कौतुक! लहानपणी सुट्टीत नागसेन त्यांच्याबरोबर जळगावपर्यंत जायचा, कंडक्टरच्या एकट्या सीटवर बसून. सगळे चढले की आबा आधी माणसं मोजायचे, मग नागसेनला उचलून धरायचे आणि तो दोरी ओढून डबल बेल द्यायचा. मोजल्याशिवाय बेल नाही, हे तो तेव्हापासून शिकला होता. घरी जेवायला बसतानासुद्धा आधी माणसं मोजायचा, वेडा.

पारोळ्याच्या अलीकडच्या त्या वळणाबद्दल मी तुला काय लिहू? तू होतीस. ट्रक, त्याची ती लुना, आणि आपल्या दारात उभा राहिलेला पोलीस. तुला एक मात्र माहीत नसेल. धुळे-जळगाव ही आबांची हक्काची ड्यूटी, त्या रस्त्यावरचं झाड न् झाड त्यांच्या ओळखीचं. तेराव्या दिवशी ते डेपोत गेले आणि साक्री-पिंपळनेरची गाडी मागून घेतली. साहेबांना वाटलं, म्हातारपणी छोटी फेरी हवी असेल. निवृत्त होईपर्यंत ते पश्चिमेकडेच जात राहिले. लग्नकार्य, मयत, काही असो, त्यानंतर पारोळ्याच्या रस्त्याला त्यांनी पाऊल टाकलेलं नाही. तुझ्या लग्नालाही आम्ही चाळीसगावमार्गे रेल्वेने आलो होतो, आठवतं? त्यांनी तेव्हा सांगितलं होतं की बसमध्ये मळमळतं. बसमध्ये! त्यांना!

त्यानंतरही यात्रेचं खूळ गेलं नाही, उलट वाढलं. थंडी सुरू झाली की ते स्टेशनवर जायचे, रिझर्व्हेशनची चौकशी करायला. तिथले तोताराम त्यांच्या जुन्या ओळखीचे. बनारसची गाडी चाळीसगावला कधी, जागा मिळतील का, सगळं नीट विचारायचे. एकदा तोताराम घरी आले आणि चहा घेता घेता मला हळूच म्हणाले, वहिनी, आबा जागा चार मागतात. मी म्हटलं, चुकून म्हणाले असतील. पण विशाखा, तो माणूस भरलेल्या गाडीत नुसती नजर फिरवून सांगायचा की एक जण कमी आहे. त्यांच्या हातून मोजण्यात चूक कशी होईल? तुझं लग्न झाल्यावर पुढच्या थंडीत ते पुन्हा गेले. तोताराम म्हणाले, यंदा तीन मागितल्या.

तुला त्यांनी सोडलं होतं गं. मनापासून सोडलं, पोरीचं भलं व्हावं म्हणून. पोराला सोडणं जमत नव्हतं. तीन जागांची चौकशी करायची, तिकीट न काढता घरी यायचं आणि माझ्याशी जीवरामच्या बसवरून भांडायचं, असं दर थंडीला चाललं होतं. जीवरामच्या बसने गेलो तर पोरगा आपल्याला नेणार नाही, हे कबूल केल्यासारखं होईल, म्हणून हा माणूस अडून बसलाय, एवढं मला कळत होतं. म्हणून मीही फार ताणत नव्हते. माझ्या तरी पोटातून तो कुठे गेलाय? अजूनही एखाद्या वेळी माझ्या हातून एक भाकरी जास्तच थापली जाते.

पण या दिवाळीला माझे गुडघे असे धरले की गल्लीच्या टोकाच्या बालवाडीपर्यंत चालत जायचीही पंचाईत झाली. मला भीती वाटली. नागसेनच्या नावाने त्या बोधिवृक्षाखाली एक मेणबत्ती लावायची, एवढी एकच इच्छा मी धरून बसले आहे, तीही राहून जाईल असं वाटलं. एक दिवस मी तडकले. म्हटलं, तुम्ही बसा स्टेशनवर चौकशा करत, मी चालले. आणि तशीच जीवरामभाऊंकडे जाऊन माझ्या एकटीची जागा धरून आले. आबा जेवले, हात धुतले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्यांना सोडून जायचं म्हणजे काय, या विचाराने माझाच जीव कासावीस झाला, पण माघार घेतली नाही.

पुढचं जीवरामभाऊंनी मला काल सांगितलं, आणि ऐकल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. आबा परवा एकटेच त्यांच्याकडे गेले. दारातच उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. जीवरामभाऊंनी विचारलं, आबा, किती जागा? आबांचे ओठ हलायचे आणि थांबायचे. मग म्हणाले, "दोन. बाईनी धरेल शे ती धरीसन." मी धरलेली जागा धरून दोन, विशाखा. चाराचे तीन झाले होते, आता दोन झाले. एवढं बोलून ते खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. नागसेनला पोचवून आलो तेव्हाही न रडलेला माणूस. जीवरामभाऊंनी पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर आबांनी त्यांना एकच प्रश्न विचारला, "गाडी अकोलावरतून जास ना? तठे थांबस का?"

रेल्वे भुसावळहून खंडव्याकडे वळते, तुझं अकोला तिच्या वाटेवर नाही. जीवरामभाऊंची बस मात्र पारोळ्यावरूनच जाते, त्याच वळणावरून, मग जळगाव, मग अकोला, मग नागपूरला दीक्षाभूमी. ज्या रस्त्याकडे आजवर पाठ फिरवली, तोच रस्ता आबांनी मागून घेतलाय, कारण त्याच्या पुढे तू आहेस. हे मला ते स्वतः कधीच सांगणार नाहीत. काल रात्री दिवा मालवताना फक्त एवढं म्हणाले, विशाखाला लिही. तुझं नाव त्यांच्या तोंडून कितीतरी दिवसांनी ऐकलं गं. म्हणून हे पत्र. येत्या रविवारी दुपारचं जेवण तुमच्या स्टेशनजवळच्या बुद्धविहारात आहे. घरच्यांना चालणार असेल तर लेकीला घेऊन ये, जावईबापूंनाही आण. चालणार नसेल तर येऊ नकोस, आम्ही जेवून पुढे जाऊ, मनात काही धरणार नाही. त्या वळणावर मी त्यांचा हात धरून बसेन, तिथली काळजी करू नकोस. फक्त एक सांगून ठेवते. गाडी सुटण्याआधी माणसं मोजायचं काम आबांनी जीवरामभाऊंकडून मागून घेतलंय, आणि त्यांची मोजणी झाल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवणार नाही. साऱ्या नोकरीत त्यांनी कधी गाडीला उशीर केला नाही, पण अकोल्यात त्यांची मोजणी लांबणार आहे.

तुझीच,
आई