ओकवरचा पांढरा रंग

आई, परवा तुझ्या घरी जाऊन आलो. इलिनॉयमधल्या त्या लहानशा गावातलं, खोल व्हरांड्याचं, यंत्रकामाला नाकं मुरडणाऱ्या सुतारांनी हातानं घडवलेलं आर्ट्स अँड क्राफ्ट्स धाटणीचं घर. गावानं आता ते जुन्या वास्तूंच्या यादीत घातलंय. तू घेतलंस तेव्हा आतल्या ओकच्या लाकडावर रंगाचे थरच्या थर होते. "लाकडाला कुणी चुना फासतं का?" म्हणत लॅबमधून आलीस की तू खरवडायला बसायचीस. जेवणघरातल्या, भिंतीतच बसवलेल्या कपाटाला तीन हिवाळे लागले. मी थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला येतो, तू जुन्या टूथब्रशनं खाचेतला रंग काढते आहेस. मान वर न करता म्हणतेस, "आलास? चहा तूच टाक. माझे हात बघ कसे झालेत."

तू गेल्यावर घर विकायला मला आठवड्याची रजा मिळाली होती. एजंट म्हणाला, गडद लाकूड हल्ली कुणालाच नको असतं. मी दीड दिवसात ते कपाट, खिडक्यांच्या चौकटी, जिन्याचा कठडा, सगळं पांढरं करून टाकलं आणि प्लेनोला माझ्या घरी परतलो.

आताची मालकीण नागपूरची, आयटीतली. गावातली जुनी घरं बघायला लोक येणार आहेत, त्यासाठी तिला माहिती हवी होती, म्हणून तिनं मला बोलावलं. ती त्याच कपाटासमोर गुडघ्यांवर बसून रंग खरवडत होती.

"काका, ओकवर पेंट? कोणी केलं हे, यार?"

"आईनं," मी म्हणालो. "तिला पांढरं आवडायचं."

"अरे देवा! आजींना इतकं सुंदर लाकूड दिसलंच नाही?" ती हसली. मीही हसलो.

पाहुण्यांना वाटायच्या पत्रकात तिनं ते लगेच घातलं: आधीच्या मालकीणबाईंनी मूळ लाकडावर पांढरा रंग दिला. "तुम्ही पेपरवाले ना काका, जरा चेक करा." आयुष्यभर मी इतरांच्या बातम्यांतल्या चुका काढत आलो. तिथे एक स्वल्पविराम हलवला आणि कागद परत दिला. आता पत्रक छापून झालंय.

तिनं एकदम विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, असं तुला लिहिणार होतो. तसं नाही, आई. तिकडे जायला विमानात बसलो तेव्हाच ते उत्तर माझ्याकडे तयार होतं.