पाण्यापासून पिहूची चाळीस पावलं

शनिवार. दिवाळीला आठ दिवस.

ड्युटी सुटल्यावर आज चौथं तळं पाहिलं. दिवाळीत पिहू चार दिवस माझ्याकडे येणार. एरवी ती पुण्यात असते, आईजवळ. फोनवर म्हणाली, बाबा, आपण तळ्याकाठी तंबूत झोपू. मी हो म्हणून बसलो, आणि आता जागा शोधून राहिलो.

मोहाच्या झाडाखाली सपाट जमीन सापडली. खडे वेचले, आडवा पडून पाहिलं. मग तिथून पाण्यापर्यंत पिहूसारखी छोटी छोटी पावलं टाकत गेलो. चाळीस भरली. ती उठून पाण्याकडे धावली, तर चाळीस पावलांत मला जाग येईल? येईल.

धानाची राखण करणारा म्हातारा मचाणावरून पाहत होता.

"काहून नाचून राहिला गा?"

"पोरीची पावलं मोजतो. तिले इथं निजवायचं आहे."

"खालं डुकरं येतेत. माह्या मचाणावर निजव. केवढी आहे पोरगी?"

मी कमरेजवळ हात धरला. जरा वर नेला. पुन्हा खाली आणला.

"बरं," तो म्हणाला, "आली म्हणजे पाहू."

तो वरखाली झालेला हात डोक्यातून जात नाही. वर्षभर मी तिला फोनवरच पाहिलंय, आणि फोनवर नुसता चेहरा दिसतो. म्हणजे आज टाकली ती पावलं गेल्या दिवाळीची होती. आता चाळीस नसणार. पस्तीस? तीस?

तिच्या आईला विचारता येईल. नाही विचारणार.

पिहू आली की आधी अंगणात चालून दाखव म्हणेन. कशाला, ते सांगणार नाही.