सुवार्ताचे केस

वडनेर भोलजी,
जानेवारी १९२७

प्रिय शालू,

आईचा सलाम. तुझं पत्र पोचलं. टपालवाला ते अजीजुन्निसाच्या काकणांच्या दुकानात ठेवून गेला होता, तिनं ते ओढणीखाली झाकून, गरम भाकर आणावी तसं आणून दिलं. तूर झोडून झाल्यावर मी उन्हात बसून वाचलं. तुझं अक्षर अजून तसंच आहे, ओळीवर ताठ उभं. तू लिहितेस की पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारआधी सुवार्ताला मिशनच्या बोर्डिंगात परत आणून सोडावं, तिनं मंडळीपुढे उभं राहून चार शब्द म्हणावेत, म्हणजे सगळं मिटेल. नाहीतर तिचं नाव कमी होईल, आणि तुझ्या तिथल्या नोकरीचाही भरवसा नाही. मला सगळं समजलं. पण उत्तर लगेच लिहावंसं वाटलं नाही. आधी पोरीकडे नीट पाहावं, तिला काय हवं ते कळू द्यावं, मग लिहावं असं ठरवलं.

ती बरी आहे. जेवते. शेळीला चारायला नेते. डोक्यावर आता केसांची लव आली आहे, हात फिरवला तर हाताला टोचते. सकाळी गार वारा असतो म्हणून अजीजुन्निसानं तिला आपल्या सुनेची जुनी ओढणी दिली आणि ती कशी घ्यायची ते शिकवलं. म्हणाली, "आमच्या पोरी रोजच डोकं झाकतात. तू आमच्यात बसली त कोनाले काही समजनार नाही." तेव्हापासून सुवार्ता दुपारी तिच्या दुकानात बसते आणि गिऱ्हाईक बायकांचे हात धरून काकणं भरायला मदत करते. एक गोष्ट मात्र मला सलते. ती गुणगुणतसुद्धा नाही. जात्यावर माझ्यासमोर बसते, खुंट्याला हात लावते, दळण पुरं होईपर्यंत ओठ घट्ट मिटून असतात. तिचा बाप, आपला याकोब, पाळण्यात असतानाही आवाज करत झोपायचा. त्याची पोर अशी मुकी झालेली पाहवत नाही.

मी नाताळानंतरच्या रविवारी तिथं उपासनेला आले होते ते तुला ठाऊकच आहे. तू बाजाच्या पेटीजवळ होतीस आणि तू वर पाहिलं नाहीस. मी तिळाचे लाडू घेऊन आले होते, पोर धावत येईल असं वाटलं होतं. मुलींच्या रांगेत शोधलं, दिसली नाही. मग दाराजवळ, जिथे चपला काढतात तिथे, एका तरटावर फडकं गुंडाळलेलं डोकं दिसलं. तिच्याशी कोणी बोलायचं नाही, असं ठरलं होतं म्हणे. दुसऱ्या मुलींना पाणी मागायचं तरी तिनं हातानं दाखवायचं. मला ते माहीत नव्हतं, म्हणून मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि विचारलं, "काऊन व, इथं काऊन बसली?" सगळ्या मंडळीनं मागे वळून पाहिलं. पोरीनं नुसता माझा पदर धरला. तो उपासना संपेपर्यंत सोडला नाही.

बाहेर आल्यावर बोर्डिंगाच्या मोठ्या मिस साहेब शांतपणे म्हणाल्या, "सोजराबाई, मुलीच्या आत्म्याचा प्रश्न आहे." मी म्हटलं, "बाईसाहेब, आत्म्याचं तुम्ही पाहा. डोकं मी घरी नेते, त्याले थंडी वाजून राह्यली." असं बोलायला नको होतं असं आपल्या माणसांपैकी दोघातिघांनी मला सांगितलं. असेल. पण मिस साहेबांचा मला राग नाही, हेही लिहिते. अठरा सालच्या मानमोडी तापाच्या साथीत याकोब आणि सून दोघं एकाच खोलीत पडले होते, तेव्हा भाऊबंद दारापर्यंत आले नाहीत. याकोबाच्या तोंडात शेवटचं पाणी घातलं ते त्या बाईनं. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. एकच माणूस पाणीही घालतो आणि केसही कापायला लावतो, हे मला फार दिवस समजत नव्हतं. अजूनही पुरतं समजलेलं नाही.

परतीच्या गाडीत काय झालं ते तुला कोणी सांगितलं नसेल. बायकांच्या डब्यात जागा मिळाली. शेगावला पुष्कळ बायका चढल्या, पोरंबाळं, बोचकी. गर्दीत सुवार्ताच्या डोक्यावरचं फडकं सरकलं. समोरच्या बाईनं लगेच आपलं लेकरू उचलून दुसऱ्या बाजूला घेतलं. दुसरी मला हळूच विचारू लागली, "बामनाची पोर हाये काय व माय? कधी गेला इचा?" मी फडकं सावरू लागले. पोरच बोलली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं. "कोन गेला? माह्यं त लगनच नाही झालं." "मंग केस काऊन काढले व?" तर म्हणते, "गानं म्हनलं म्हनून." मग खिडकीजवळची एक म्हातारी पानाची पिंक टाकून म्हणाली, "गानं म्हनल्यावर केस काढत असतीन, त आमच्या गावात एकीच्या डोक्यावर केस राह्यला नसता." सगळ्या हसल्या. ज्या बाईनं लेकरू उचललं होतं तिनंच ते मग सुवार्ताच्या मांडीवर आणून बसवलं आणि म्हणाली, "धर व, मले जरा पान खाऊ दे." नांदुरा येईपर्यंत ते लेकरू तिच्याजवळच झोपलं होतं. मिस साहेब दूर देशाच्या आहेत. आपल्याकडे कोवळ्या पोरीचं डोकं बोडकं दिसलं की लोक काय समजतात, ते त्यांना ठाऊक नसेल. तुला ठाऊक होतं, शालू.

गाणं कोणतं, ते मी तिला घरी आल्यावर विचारलं. तिनं म्हटलं नाही, नुसतं सांगितलं.

जात्या ईसवरा, तुह्याजवळ बोलते मी,
माय दूर देशी, दळता दळता रडते मी.

ही ओवी तुलाही येते. मी ती लग्न होऊन आले तेव्हा रचली, चौदा वर्षांची होते, माहेर घाटावर, मेहकराकडे, आणि घरात ज्याच्याशी मोकळं बोलावं असं जातंच एक होतं. बाप्तिस्मा झाल्यावर मी घाबरून तुझ्या बाबांना विचारलं होतं की आता जात्याला ईश्वर म्हणणं चालेल का. ते पुस्तकांची पेटी खांद्यावरून उतरवत होते. हसून म्हणाले, "दगडाले काय कयते व? तू कोनाजवळ रडून राह्यली ते देवाले बरोबर कयते. म्हन तू." त्यांनी जन्मभर गावोगाव शुभवर्तमानं विकली, मिशनच्या पगारावर जगले, आणि एवढं त्यांना सहज कळलं होतं. त्यांच्या पेटीतल्या फाटक्या, न खपलेल्या प्रतींवर बोट ठेवून मी वाचायला शिकले, ते तू लहानपणी पाहिलंस. गेल्या पंधरवड्यात मी शास्त्र पुन्हा उघडून बसले. आई नसलेल्या लेकरानं दगडाजवळ गाऱ्हाणं सांगितलं म्हणून त्याला दारात बसवावं, असं मला कुठे सापडलं नाही. तुला सापडलं तर पान कळव. मी वाचेन.

तू लिहितेस, चार शब्द म्हणायला तिचं काय जातं. ते शब्द कोणते ते तू लिहिलं नाहीस. सुवार्तानंही सांगितलं नव्हतं. परवा तुरीच्या शेंगा सोलताना, माझ्याकडे न पाहता, ती म्हणाली, "आजी, दगडाले देव म्हनलं हे माह्यं चुकलं, असं मी पह्यल्याच दिवशी म्हनलं होतं. ते त्याहीले पुरलं नाही. मले म्हना लागत होतं का माह्या आजीनं मले पाप शिकवलं, आन मी आजीची शिकवन सोडते. ते मी नाही म्हनलं." म्हणजे एवढ्यासाठी तिनं तरट सोसलं, अबोला सोसला, केस दिले. मी शेंगा सोलत राहिले. हातातलं काम सोडलं असतं तर मला आवरलं नसतं. मग तिला म्हटलं, "म्हनून टाकाचं होतं व बाई. मले काय झालं असतं?" तर माझ्यावर रागावली. "तुले नसतं झालं. मले झालं असतं."

तिचं हे बोलणं ऐकलं तेव्हाच माझं उत्तर ठरलं. सुवार्ता परत येणार नाही. तिनं शिकावं अशी माझी इच्छा तुझ्याइतकीच आहे, म्हणून इथल्या शाळेत महादेवराव मास्तरांना भेटले. शाळेत सगळे मुलगे. मी तिचं डोकं दाखवून विचारलं, मुलं चिडवतील का. ते म्हणाले, "चिडवतीन एक दिवस. शाळेत पाटी लागते, वेनी नाही लागत. येऊ द्या." ती सोमवारपासून जाते. पहिल्या दिवशी कोणी तरी तिला "टक्कल, टक्कल" म्हणालं, तिनं त्याचा चुकलेला पाढा सगळ्यांसमोर दुरुस्त केला, आणि आता तो तिच्या शेजारी बसतो. शाळा चौथीपर्यंतच आहे, तिला येतं तेच पुन्हा शिकावं लागेल. पुढचं पुढे पाहू.

आता एक गोष्ट राहिली, ती लिहायला मला जड जातं आहे. मिस साहेबांना मराठी येते, पण जात्यावरची ओवी कोणाची, कोणी शिकवली, हे त्यांना आपोआप कळणार नाही. ते त्यांना कोणी सांगितलं, हे मी सुवार्ताला विचारलं नाही. पण कात्री कोणाच्या हातात होती, हे तिनं आपणहून सांगितलं. रागानं नाही सांगितलं, नवल वाटल्यासारखं सांगितलं. म्हणाली, "केस आत्यानंच कापले. आत्या माह्या कानात बोलली, माहेबी कापले होते तुह्याएवढी असताना, मी रडली नव्हती, तूबी रडू नको." शालू, तू त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत डोक्याला रुमाल बांधून घरी आली होतीस. म्हणालीस, उवा झाल्या म्हणून बाईंनी कापले. मी तुला मांडीवर घेऊन करंजाचं तेल चोळलं, बोर्डिंगातल्या पोरींच्या डोक्यांना नावं ठेवली, आणि तू हसत होतीस. बाबाही हसले. आम्हाला दोघांना काही कळलं नाही. तुझ्याकडून त्या बाईंनी कोणते चार शब्द म्हणवून घेतले असतील, आणि तू ते म्हणालीस की नाही, हे मला माहीत नाही. सुवार्ताचं बोलणं ऐकल्यापासून मी त्याचाच विचार करते.

पोरगी येणार नाही, हे कळवायला एक कार्ड पुरलं असतं. एवढं मोठं पत्र लिहायला बसले ते तुझ्यासाठी. त्या रविवारी मी एकीला घेऊन निघाले आणि एकीला बाजाच्या पेटीजवळ बसलेली सोडून आले. तर आता तुला सांगते, तू घरी ये. त्यांनी कामावरून काढण्याची वाट पाहू नको, आणि नाही काढलं तरी ये, चार दिवसांसाठी ये, कायमची ये, जसं तुला वाटेल तसं. मला काही सांगायचं असेल तर सांग, नसेल तर मी विचारणार नाही. सुवार्ताचं मात्र आधीच लिहून ठेवते. ती तुझ्याशी कदाचित बोलणार नाही. आत्याशी बोल, असं मी तिला म्हणणार नाही, आत्याला क्षमा कर, असंही म्हणणार नाही. त्या पोरीकडून कोणी काही म्हणवून घ्यायचं, हे या घरात होणार नाही. तुला तिची माफी मागायची असेल तर ती एकटी असताना माग, माझ्यासमोरही नको. आणि तिनं तोंड फिरवलं तर उठून जाऊ नको. तिच्याजवळच बसून राहा.

तुझीच आई,
सोजरा