तिसऱ्या खेपेचे दही

आई, तुला जाऊन आता तेवीस वर्षे होतील. एवढ्या अवधीत मी तुला एकदाही लिहिले नाही, याचे कारण केवळ आळस नव्हे. तुला माझी भाषा कधी सहनच झाली नाही. "एवढं मोठं मोठं बोलतोस, तर आमटीत मीठ पडलंय का ते एका शब्दात सांग," असे तू म्हणायचीस, आणि मी ताटावरून मान वर करून "लवणाचे प्रमाण समाधानकारक आहे" असे प्रतिवेदन सादर करायचो. पन्नाशी आली तरी खोड गेलेली नाही. मात्र आता एवढे उमगले आहे की साध्या शब्दांत सांगवणार नाहीत अशा दोनचार गोष्टी प्रत्येकाजवळ असतात, आणि त्यांच्यावर पांघरूण घालण्यासाठीच माझ्यासारखा माणूस संस्कृतचा एवढा साठा करून ठेवतो. आज पांघरूण जमेल तेवढे आखूड ठेवीन म्हणतो.

बाबा गेल्यानंतर तू नागपूर सोडून माझ्याकडे कलकत्त्याला आलीस, तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि केंद्र सरकारने माझी 'परकीय व्यक्तींच्या निरोधनगृहाचा सहायक अधीक्षक' या पदावर प्राणप्रतिष्ठा केली होती. नाव भव्य होते. वास्तू म्हणजे बजबजच्या वाटेवरचे, नदीकाठचे एक जुने तागाचे गोदाम. देशांच्या सीमा तेव्हा नव्या होत्या आणि नव्या चपलांसारख्या ज्याला त्याला चावत होत्या. ज्यांच्याजवळ कागद नव्हते, किंवा ज्यांचे कागद अशा देशाचे होते की जो देशच आता त्या नावाने उरला नव्हता, त्यांना पुन्हा बोटीत बसवून देईपर्यंत आम्ही तिथे ठेवीत असू. तुला मी हे सर्व साग्रसंगीत समजावून सांगितले. तू ऐकून घेतलेस आणि म्हणालीस, "म्हणजे कोंडवाडा." पुढे मी तुला बागबाजारात नेले आणि अभिमानाने सांगितले, की आपल्या पूर्वजांना, चालून येणाऱ्या मराठ्यांना, अडवण्यासाठी या शहराने इथपासून खंदक खणायला घेतला होता. तू ट्रामच्या खिडकीतून तो दाट वस्तीचा रस्ता पाहत राहिलीस. "आणि आता इतरांना अडवायला त्यांनी तुलाच बसवलंय," एवढेच म्हणालीस. तुझ्या विनोदाला समास लागत नसत.

आपले बिऱ्हाड गोदामाच्या आवारातच होते. स्वयंपाकघराची खिडकी अंगणाकडे उघडत असे, आणि त्या अंगणात रोज दुपारी सर्वांना रांगेत उभे करून हवालदार डोकी मोजीत असे. तू आल्याच्या तिसऱ्या दिवसापासून त्या खिडकीतून काहीबाही बाहेर जाऊ लागले: कधी थालीपीठ, कधी ताक. या शहराचे गोड दही तुला दही वाटलेच नाही. तू नागपूरहून कल्हईच्या पितळी डब्यात, ओल्या फडक्यात गुंडाळून, स्वतःचे विरजण आणले होतेस आणि रात्रभर हावडा मेलमध्ये ते मांडीवर धरून बसली होतीस. त्या विरजणाला हावड्याच्या फलाटावर कोणी प्रवेशपत्र विचारले नाही, हे मी त्यावेळी विनोद म्हणून सांगत असे.

आणि तो भंडारी. भंडारी म्हणजे बोटीवरचा आचारी. वय पंचेचाळीसच्या आसपास, बारीक, आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. आई रंगूनची, बाप चाटगावचा, जन्म दोहोंच्या मध्ये कुठेतरी पाण्यावर. ब्रह्मदेश म्हणे तो आमचा नाही, पाकिस्तान म्हणे आमचा नाही, आणि आपला नाही हे तर मी स्वतःच सुवाच्य अक्षरात लिहिले होते. त्याची बोट जळाली तेव्हा कागद जळाले आणि तळहातही. नोंदवहीत ठसे घ्यायला मी त्याचा हात शाईवर दाबला, तर कागदावर एक काळा ढग उमटला. रेषा नाहीत, चक्रे नाहीत, काही नाही. मी तुला जेवताना हे गंमत म्हणून सांगितले. तुझा घास हातातच राहिला. "हातावर रेषाच नाहीत? मग देव त्याचं वाचतो कुठून?"

पहिल्या खेपेला त्याला रंगूनच्या बोटीत बसवायचे ठरले. पोलिसांची गाडी अंगणात उभी होती. तू पदर सावरीत वाटी घेऊन बाहेर आलीस आणि त्याला म्हणालीस, "हात पुढे कर." मी तुझ्या कानाशी लागलो. "आई, हा प्रवासाला निघालेला नाही. हे निष्कासन आहे. हातावर दही घालतात ते माणूस सुखरूप परत यावा म्हणून. याने परत येता कामा नये, यासाठीच तर हा सगळा खटाटोप!" "रिकाम्या हाताने कसा पाठवू?" तू म्हणालीस, आणि त्या गुळगुळीत तळव्यावर चमचाभर दही घातलेस. हवालदार बिहारमधल्या छपऱ्याचा. तो कौतुकाने म्हणाला, "हमरे यहाँ भी दही खिलाते हैं, माँजी. मगर कैदी को नहीं." भंडाऱ्याने ते चाटून खाल्ले आणि मूठ मिटून तो गाडीत चढला.

तेराव्या दिवशीची दुपार माझ्या डोळ्यांसमोर आजही लख्ख आहे. ऊन असे पडले आहे की अंगणात कोणाचीही सावली पायाबाहेर येत नाही. तू एक मूठ तांदूळ जास्त धुतेस. मी विचारतो, कोणी येणार आहे का. "विरजण आज फार लवकर लागलं," तू म्हणतेस, जणू हे उत्तर आहे. आणि फाटकाशी गाडी थांबते. रंगूनने त्याला उतरू दिले नव्हते. ज्या बोटीने नेले तिनेच परत आणावे, असा नियम. तो सरळ तुझ्या खिडकीखाली येऊन उभा राहिला. "अम्मा, उधर बोला, तुम हमारा नहीं." तू ताट वाढलेस.

दुसऱ्या खेपेला चाटगाव. पुन्हा दही, पुन्हा मिटलेली मूठ. नवव्या दिवशी तो परत आला, आणि आमच्या बंगाली बडेबाबूंनी, म्हणजे हेडक्लार्कनी, सर्व कारकुनांसमोर मला आनंदवार्ता दिली: "शाहेब, आपनार जामाई आबार एशेछे!" जावई पुन्हा आला आहे, भाषांतराची गरज कोणालाच पडली नाही. मी त्या हशात सामील झालो. पण नोंदीसाठी त्याला मूठ उघडायला सांगितली, तेव्हा तळहातावर पांढरी, वाळून भेगाळलेली खपली होती. "हाथ धोया नहीं, साब. अम्मा का दही है. जब तक है, दरिया वापस करेगा." त्याच्या हाताला अजून आपल्या स्वयंपाकघराचा आंबूस वास येत होता. नऊ दिवस समुद्रावर काढून आलेल्या हाताला, आई.

मग त्याने आवाज उतरवून मला एक गोष्ट सांगितली. बोटीवरच्या खलाशांचा म्होरक्या त्याला म्हणाला होता, की दोनदा आणला, तिसऱ्या वेळी कोणी आणणार नाही. ज्याला कोणतेच बंदर घेत नाही, त्याला पाणी घेते. "साब, इधर ही रखो. पकाना जानता हूँ."

हे तुला खिडकीतून ऐकू गेले. त्याच संध्याकाळी तू मला धारेवर धरलेस. एखाद्या रहिवाशाने हमी दिली तर अशा माणसाला बाहेर राहू देता येते, हा नियम तुला मीच एकदा विद्वत्ता दाखवताना सांगून बसलो होतो. "तू नको देऊस, तुझी नोकरी आहे. मी देते. मी काय सरकारची बांधलेली आहे?" तू चष्मा लावून, ओठ मुडपून, हमीच्या अर्जावर सही केलीस. तुझी सही संपायला तेवढा वेळ कधी लागल्याचे मी पाहिले नव्हते. मी तो अर्ज वर पाठवतो म्हणालो. दोन दिवसांनी तू विचारलेस, आणि मी सांगितले की विषय विचाराधीन आहे. तो विचाराधीन नव्हता, माझ्या खणात होता. मला नोकरीत कायम करण्याचा कागद तेव्हा वर गेलेला. सहायक अधीक्षकाच्या मातोश्री परकीय आचाऱ्याला हमी राहतात, हे बडेबाबूंच्या तोंडी कसे वाजेल ते मी मनातल्या मनात ऐकून पाहिले. लोकांना हसवणारा माणूस स्वतःवरच्या हसण्याला किती भितो, याची तुला कल्पना नसेल.

तिसरा हुकूम आला तेव्हा तू तापाने निजून होतीस. पुन्हा रंगून. सकाळचे आठ वाजले होते. "दही फडताळात आहे," तू डोळे न उघडता म्हणालीस. "तेवढं त्याच्या हातावर घाल. विसरू नकोस रे." मी स्वयंपाकघरात गेलो. तिथे काय झाले ते शेवटी लिहितो. बाहेर आलो, तर भंडारी गाडीच्या पायरीशी हात पसरून उभा होता. हात धुतलेला, स्वच्छ, कोऱ्या कागदासारखा. मी म्हणालो, "आज दही जमा नहीं." त्याने माझ्या तोंडाकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाला, "कोई बात नहीं, साब," आणि मूठ अशी हळूच मिटली, की जणू आत काही आहे आणि ते सांडायला नको. आत आलो तेव्हा तू विचारलेस, "घातलंस?" मी म्हणालो, "घातलं."

तो परत आला नाही. तेराव्या दिवशी तू, अंगात कणकण असताना, ताट वाढून खिडकीशी बसलीस. भात निवला. त्या दुपारी हवालदाराने डोकी मोजली आणि टोपी काढून माझ्याकडे आला. "साहब, एक जादा आ रहा है." सतरा असायला हवेत, अठरा भरत होते. मी स्वतः मोजले. अठरा. मग प्रत्येकाला नाव घेऊन एकेक पाऊल पुढे यायला लावले. सतरा जण पुढे आले आणि मागे कोणी उरले नाही. सगळ्यांना पुन्हा उभे केले, पुन्हा मोजले. अठरा. भर दुपार, आई, वारा नाही, आवाज नाही, फक्त नदीवर कुठेतरी भोंगा. मी नोंदवहीत 'सतरा' लिहून सही केली. पुढे कित्येक दिवस असेच चालले आणि कित्येक दिवस मी सतरावर सही करीत राहिलो. हवालदाराने शेवटी मोजायचेच सोडले. आकडा तो मलाच विचारू लागला.

रंगूनहून उत्तर आले: असा कोणी इसम उतरण्यासाठी आमच्यासमोर आणला गेला नाही. बोटीच्या कचेरीतून उत्तर आले: परतीच्या यादीत असे नाव नाही. दोन्ही पत्रे एकमेकांना पाठीला पाठ लावून मी दप्तरात बांधली आणि वर शेरा मारला, 'प्रकरण निकाली'. त्याच महिन्यात मी कायम झालो. तू विचारलेस, तेव्हा सांगितले की तिथे उतरवून घेतले त्याला, हॉटेलात आचारी आहे. तू म्हणालीस, "मग हात धुतला असेल." तुझा चेहरा मला वाचता आला नाही.

आणि विरजण. ते तिसऱ्या खेपेच्या दिवशीच संपले. मांजराने भांडे पालथे केले, असे मी तुला सांगितले. डमडमच्या मराठी बिऱ्हाडातून दोनदा विरजण मागवले, पण तुझ्या भांड्यात ते धरेना. सकाळी दूध जसेच्या तसे, वर सायीत एका बोटाएवढा खळगा. तुला वाटले मी चाखतो. मला वाटले तू. आपण एकमेकांना विचारले नाही.

पुढच्या माघात तू गेलीस. शेवटल्या दुपारी तू अंथरुणातून हात पुढे केलास, तळवा वर. "निघाले. दही घाल." घरात नव्हते. मी कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याकडून मातीच्या मटक्यातले आणवून तुझ्या हातावर घातले. तू जीभ लावलीस. "गोड आहे," तू म्हणालीस. "हे आपलं नव्हे." आणि मूठ मिटली नाहीस.

आता मी डमडमला स्वतःच्या घरात राहतो. आम्ही चौघे: मी, बायको, मुलगा आणि सून. रविवारी दुपारी सगळे एकत्र जेवायला बसतो, सून ताटे मांडते, आणि मी सवयीने मोजतो. चौघांना पाहून घेतो, नावेही मनात घेतो. आकडा पाच येतो. "बाबा, तुम्ही दर रविवारी काय मोजता?" असे सून विचारते. मी तिला 'कौटुंबिक समग्रतेचे अवलोकन' असे काहीतरी सांगतो, सगळे हसतात, आणि त्या हसण्यातही एक आवाज जास्त असतो, खोल विहिरीतून आल्यासारखा.

तुझ्या सहीचा अर्ज अजून माझ्याजवळ आहे. हे पत्र त्याच्यावरच ठेवीन, त्याच खणात; वर पाठवायचे कागद मी तिथेच ठेवत आलो आहे.

राहिले स्वयंपाकघरातले. दही लागले होते, आई. सुरेख, घट्ट, कवडी पडलेले. मी चमचा घेतला होता; घालणारही होतो. मग वाटले, घातले तर हा येईल, पुन्हा येईल, येतच राहील. आयुष्यभर तुझ्या व्रतवैकल्यांची टवाळी करणारा मी, पण त्या सकाळी या सबंध शहरात त्या दह्यावर माझ्याएवढा विश्वास कोणाचाच नसेल. सांडून टाकायचा धीर झाला नाही, म्हणून फडताळाशी उभ्याउभ्या मी ते खाल्ले, सगळे. विरजणापुरतेही ठेवले नाही. गाडी गेल्यावर आरशात पाहिले, तर मिशीला लागलेले होते.