नंदाची पेज

मुलुंड, १२ मार्च १९८७

ती. आईस,
तुझ्या लेकीचा वाकून नमस्कार.

ह्यांच्या आतड्याचं ऑपरेशन नीट झालं, पण अजून आयसीयूतच आहेत. ताप हटेना म्हणून तपासलं, तर रक्तात बुरशी निघाली. आता त्यावरचं औषध चढवतात. तेव्हा ह्यांना फार हुडहुडी भरते, पण डॉक्टर धीर देतात. तू घाबरू नकोस. बाबांचा खोकला कसा आहे?

आई, सांगायला लाज वाटते. बुरशी ऐकल्याबरोबर मी सगळ्यांसमोर बोलून गेले, "आमच्याकडे शिळं कधी राहत नाही. शेजारच्या नंदाची पेज खाल्ली ना ह्यांनी! त्यांच्या घरात काय असेल कुणास ठाऊक." नंदा मागेच उभी होती, माझ्यासाठी डबा घेऊन.

डॉक्टर म्हणाले, "अहो बाई, ही बुरशी सगळ्यांच्याच पोटात असते. तुमच्या, माझ्यासुद्धा. अंगातली ताकद गेली की ती रक्तात शिरते."

देवापुढे बसते, पण मान वर करवत नाही. नंदाची माफी मागितली, तर म्हणाली, "आधी भाऊजींना घरी आणू गं. मग सावकाश भांडते तुझ्याशी."

आई, ते भांडण व्हायलाच हवं. तूही देवाजवळ तेवढंच माग.

तुझी,
मंजुळा